जहाज आपले, इंजिन कोणाचे?

९ डिसेंबर २०२४ रोजी रशियातल्या कालिनिनग्राद येथे ‘आयएनएस तुशिल’ ही फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, भारतीय नौदलात दाखल झाली. या जहाजाची बांधणी २०१३ मध्ये सुरू झाली होती, पण भारतासाठी नव्हे. ते रशियाच्या काळ्या समुद्रातल्या ताफ्यासाठी होते आणि त्याचे नाव ठरले होते ‘अ‍ॅडमिरल बुताकोव्ह’. त्याला लागणारी गॅस टर्बाइन, म्हणजे जहाजाची इंजिने, युक्रेनमधल्या मिकोलायव्ह शहरातल्या कारखान्यात बनत. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया गिळंकृत केला आणि युक्रेनने इंजिने देणे बंद केले. या वर्गातली सहा जहाजे रशियाला हवी होती, तीनच पूर्ण झाली. उरलेले सांगाडे गोदीत पडून राहिले.

पुढे भारताने त्यांतली दोन जहाजे घ्यायचे ठरवले. इंजिने मात्र युक्रेनकडून आपणच विकत घेतली, रशियाच्या गोदीत पोहोचवली आणि तिथे ती बसवली गेली. जहाज तयार होईपर्यंत त्या दोन देशांमध्ये पूर्ण युद्ध पेटलेले होते. दुसरे जहाज ‘आयएनएस तमाल’ १ जुलै २०२५ रोजी आले आणि यापुढे परदेशी गोदीत युद्धनौका बांधून घ्यायची नाही, असे आपण जाहीर केले.

ज्या रशियाला आपण साठ वर्षे शस्त्रांचा कुबेर समजत आलो, त्याच्या युद्धनौका एका शेजाऱ्याने इंजिन न दिल्यामुळे अडून बसल्या. आणि माझगाव गोदीत बांधलेल्या आपल्या ‘विशाखापट्टणम’ वर्गातल्या चारही विनाशिका आज ज्या टर्बाइनांवर चालतात, ती त्याच मिकोलायव्हची आहेत. २०२१ ते जानेवारी २०२५ या काळात दाखल झालेली ही आपली सर्वांत आधुनिक जहाजे. आराखडा आपला, पोलाद आपले, बांधणी मुंबईची. चालवणारे यंत्र मात्र युद्धाच्या छायेतल्या एका परक्या शहरातले.

स्वदेशी नौदल शस्त्रांबद्दल आपल्याकडे जे बोलले जाते त्यात अभिमान भरपूर असतो, हा प्रश्न क्वचित असतो. मला तोच महत्त्वाचा वाटतो. जगात तणाव वाढत असताना आपले शस्त्र आपण बनवणे अत्यावश्यक आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ‘आपण बनवले’ असे म्हणताना नेमके काय बनवले आणि काय बनवायचे राहिले, हे आपण तपासत नाही. क्षेपणास्त्र किती दूर जाते ते सांगितले की टाळ्या पडतात. ती किती आहेत, संपली तर पुढची कुठून येणार, आणि वाहून नेणारे जहाज कोणाच्या सुट्या भागांवर चालते, हे कोणी विचारत नाही.

लढाई सुरू झाल्यावर पुरवठादार काय करतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण १९८२ च्या फॉकलंड युद्धात मिळते. अर्जेंटिनाकडे विमानातून सोडायची ‘एक्झोसेट’ ही फ्रेंच क्षेपणास्त्रे होती. किती, तर पाच. त्यांतल्या एकाने ४ मे रोजी ‘एचएमएस शेफील्ड’ या ब्रिटिश विनाशिकेचा बळी घेतला. २५ मे रोजी ‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे हेलिकॉप्टरे आणि सामान वाहणारे मोठे जहाज गेले. महिना संपण्याच्या आत पाचही संपली. फ्रान्सने पुढचा पुरवठा थांबवला होता. इतकेच नव्हे, पेरूने मागवलेली क्षेपणास्त्रेही अडवून ठेवली, कारण ती अर्जेंटिनाच्या हाती जातील अशी ब्रिटनला भीती होती. आणखी दहा-वीस क्षेपणास्त्रे असती तर त्या युद्धाचे काय झाले असते, यावर आजही वाद होतात. अर्जेंटिनाच्या लष्करशाहीने ते युद्ध ओढवून घेतले आणि तिच्याबद्दल मला यत्किंचितही सहानुभूती नाही. पण धडा कोणालाही लागू पडतो: विकत घेतलेले शस्त्र कितीही उत्तम असो, ते पुन्हा भरायचे की नाही, हे विकणारा ठरवतो.

याची उलट बाजू चाळीस वर्षांनी दिसली. एप्रिल २०२२ मध्ये युक्रेनने ‘मोस्क्वा’ ही रशियाच्या काळ्या समुद्रातल्या ताफ्याची प्रमुख युद्धनौका बुडवली, ती कीव्हमधल्या संस्थेने विकसित केलेल्या ‘नेपच्यून’ या क्षेपणास्त्राने. युक्रेनला तेव्हा पाश्चात्त्य देश शस्त्रे देत होते, पण कोणती द्यायची, कुठवर मारा करू द्यायचा, याचा खल महिनोन्‌महिने चालत होता. ‘नेपच्यून’ वापरायला त्यांना कोणाची परवानगी लागली नाही.

मराठी माणसाला हे समजायला फॉकलंडपर्यंत जायचीही गरज नाही. १६५९ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीला आरमाराची जहाजे बांधायला घेतली, तेव्हा रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीज माणसाच्या हाताखाली पोर्तुगीज कारागीर कामाला ठेवले होते. हे आरमार आज सिद्दीविरुद्ध आहे, उद्या आपल्यावर येईल, हे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ओळखले. त्यांनी या कारागिरांना फोडले आणि ते काम टाकून निघून गेले. आरमार थांबले नाही, कारण कोकणात भंडारी होते, कोळी होते, लाकूड ओळखणारे सुतार होते. पुढे १६७९ मध्ये खांदेरीच्या लढाईत इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना मराठ्यांच्या हलक्या गुराबांनी आणि गलबतांनी जेरीस आणले. तोफांच्या बाबतीत मात्र आपण अखेरपर्यंत फ्रेंच, पोर्तुगीज, इंग्रज यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. जंजिऱ्याच्या वेढ्यासाठी इंग्रजांकडे तोफा मागितल्या, त्यांनी गोड बोलून चालढकल केली. जहाज बांधता येणे आणि जहाजावरची तोफ ओतता येणे यांत अंतर असते, आणि आजचाही पेच तोच आहे.

१९७१ ची आठवण आपण दरवर्षी ४ डिसेंबरला नौदल दिनी काढतो. कराचीवरचा हल्ला खरोखरच धाडसी होता. सोव्हिएत बनावटीच्या लहान क्षेपणास्त्र नौका ओढत नेऊन त्या रात्री आपण पाकिस्तानची ‘खैबर’ बुडवली. त्यानंतर पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवच्या समुद्रात ‘आयएनएस खुकरी’ बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. ज्या ‘हंगोर’ पाणबुडीने टॉर्पेडो मारला ती फ्रेंच बनावटीची आणि नवी होती. आपले जहाज ब्रिटिश बनावटीचे आणि त्यावरचा सोनार जुना. पाणबुडीने आधी आपल्याला ऐकले.

सोनार म्हणजे जहाजाचे कान. पाण्यात ध्वनी सोडायचा आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून लपलेली पाणबुडी ओळखायची. अरबी समुद्रासारख्या उष्ण पाण्यात वरच्या आणि खालच्या थरांच्या तापमानात फरक असतो. ध्वनीची वाट त्यामुळे वाकते आणि काही पट्टे चक्क ‘मुके’ होतात. उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यासाठी बनवलेले यंत्र इथे तोकडे पडते, ते यामुळे. विकणाऱ्याला आपल्या समुद्राचा अभ्यास करण्याचे कारण नसते. तो आपणच करावा लागतो.

तो एका नौदल अधिकाऱ्याने केला. आरोग्यस्वामी पॉलराज यांनी आयआयटी दिल्लीत राहून आधी त्या ब्रिटिश सोनारात सुधारणा केल्या. नंतर कोचीच्या नौदल भौतिक आणि सागरी प्रयोगशाळेत त्यांच्या नेतृत्वाखाली ‘अप्सोह’ हा पूर्ण स्वदेशी सोनार तयार झाला, आणि तो १९८३ च्या सुमारास नौदलात आला. त्याच वर्षी दाखल झालेल्या ‘आयएनएस गोदावरी’ वर्गाच्या जहाजांवर तो बसला. पॉलराज पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले आणि आज आपल्या हातातल्या मोबाइलमध्ये अनेक अँटेनांचे जे तंत्र असते, त्याच्या जनकांपैकी एक म्हणून जग त्यांना ओळखते. शाळेच्या पुस्तकात कराचीच्या हल्ल्याइतकीच जागा मला या सोनारासाठी हवी आहे. १९४ माणसे गमावल्यावर तो कान आपण स्वतः घडवला, आणि तो ज्या दिवशी जहाजावर चढला त्या दिवशी कुठेही फटाके वाजले नाहीत.

पोलादाचेही असेच. ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेसाठी लागणारे खास पोलाद रशियाकडून यायचे होते, ते अडले. मग हैदराबादची संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळा आणि स्टील अथॉरिटी यांनी मिळून ‘डीएमआर २४९’ हे पोलाद तयार केले. सुमारे ३०,००० टन पोलाद भिलाई, बोकारो, राउरकेला इथून कोचीला गेले. आता आपल्या युद्धनौका त्याच पोलादाच्या होतात. हा प्रश्न कायमचा मिटला.

२ सप्टेंबर २०२२ रोजी ‘विक्रांत’ दाखल झाली, तेव्हा ती ७६ टक्के स्वदेशी असल्याचे सांगण्यात आले. आकडा खरा आहे आणि भूषणावहही आहे. पण टक्केवारी मोजताना पोलादाचा पत्रा, केबल, स्वयंपाकघर आणि टर्बाइन सगळे एकाच तराजूत पडते. नौदलाचे लोक स्वतः अधिक प्रामाणिक हिशेब मांडतात. ते जहाजाचे तीन भाग करतात: तरंगणारा, चालवणारा आणि लढणारा. तरंगणाऱ्या भागात आपण सुमारे ९० टक्क्यांवर पोहोचलो आहोत. चालवणाऱ्या भागात बरेच खाली आहोत. लढणाऱ्या भागात सर्वांत खाली. ‘विक्रांत’ची चारही टर्बाइन अमेरिकी कंपनीच्या आराखड्याची आहेत, तिच्यावरची मिग-२९के विमाने रशियन आहेत आणि पुढे येणारी २६ राफेल विमाने फ्रान्सची. उरलेल्या २४ टक्क्यांत जहाजाचे हृदयही आहे आणि मूठही.

पाणबुड्यांकडे पाहा. फ्रेंच आराखड्याच्या सहा ‘कलवरी’ वर्गाच्या पाणबुड्या माझगाव गोदीत बांधल्या गेल्या. त्यांच्यासाठी एका इटालियन कंपनीच्या ‘ब्लॅक शार्क’ या टॉर्पेडोची निवड झाली होती. त्याच उद्योगसमूहाचे नाव हेलिकॉप्टर खरेदीच्या लाचखोरी प्रकरणात आले आणि टॉर्पेडोचा व्यवहारही बारगळला. लाचखोरीची चौकशी व्हायलाच हवी होती. पण पर्यायाची सोय कोणी केली नाही. पहिली पाणबुडी डिसेंबर २०१७ मध्ये आली ती जुन्या जर्मन टॉर्पेडोंवर. सहावी, ‘वागशीर’, जानेवारी २०२५ मध्ये आली, तेव्हाही नवे टॉर्पेडो नव्हते. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये ४८ टॉर्पेडोंचा १,८९६ कोटी रुपयांचा करार झाला. पुन्हा इटलीशीच. पुरवठा २०२८ मध्ये सुरू होईल. म्हणजे पहिली पाणबुडी नौदलात दाखल झाल्यावर दहाहून अधिक वर्षांनी तिला तिचे मुख्य शस्त्र मिळणार.

या काळात विशाखापट्टणमच्या नौदल प्रयोगशाळेने जहाजावरून सोडायचा ‘वरुणास्त्र’ टॉर्पेडो बनवला, तो २०१६ मध्ये नौदलाला मिळाला आणि २०२३ मध्ये खऱ्या स्फोटकासह त्याने पाण्याखालचे लक्ष्य उडवले. म्हणजे क्षमता देशात होती. पाणबुडीसाठीची त्याची आवृत्ती मात्र मागे पडत गेली. अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीला जास्त काळ पाण्याखाली राहू देणारी इंधनघट यंत्रणा तयार केली, मार्च २०२१ मध्ये जमिनीवर तिची महत्त्वाची चाचणीही झाली. तरी सहाच्या सहा पाणबुड्या त्या यंत्रणेविना दाखल झाल्या. शास्त्रज्ञ कमी पडले असे मी म्हणणार नाही. प्रयोगशाळा, गोदी, मंत्रालय आणि नौदल यांची घड्याळे एकमेकांशी जुळवण्याचे काम कोणाचे, हेच ठरलेले नाही.

आणि आता पाणसुरुंग. ही सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट, म्हणून तिच्यावर थोडा थांबतो. ५ मे २०२५ रोजी, पहलगामच्या हत्याकांडानंतर आणि ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दोन दिवस आधी, समुद्रतळावर बसून जहाजाचा आवाज, चुंबकत्व आणि दाब ओळखणाऱ्या स्वदेशी सुरुंगाची चाचणी झाल्याची बातमी आली. चित्रफीत सगळीकडे फिरली. सुरुंग पेरता येणे चांगलेच. पण दुसऱ्याने पेरलेले सुरुंग साफ करायची किती जहाजे आपल्याकडे होती? एकही नाही. सोव्हिएत काळातल्या सुरुंगशोधक जहाजांपैकी शेवटचे ‘आयएनएस कोळिकोड’ एप्रिल २०१९ मध्ये निवृत्त झाले. कोरियाच्या कंपनीबरोबर गोव्याच्या गोदीत बारा जहाजे बांधायचा, सुमारे ३२,००० कोटींचा प्रस्ताव वर्षानुवर्षे रेंगाळून २०१८ मध्ये रद्द झाला होता. नव्या जहाजांना संरक्षण खरेदी परिषदेची प्राथमिक मंजुरी मिळाली जुलै २०२५ मध्ये. मंजुरीपासून जहाजापर्यंत अजून मोठा पल्ला आहे.

सुरुंग किती स्वस्तात किती नुकसान करतो, ते १९८८ मध्ये इराणच्या आखातात दिसले. ‘सॅम्युएल बी. रॉबर्ट्स’ ही अमेरिकी फ्रिगेट एका सुरुंगावर आदळली. सुरुंगाचा आराखडा पहिल्या महायुद्धाच्याही आधीचा, किंमत साधारण दीड हजार डॉलर. जहाज दुभंगता दुभंगता वाचले आणि दुरुस्तीला सुमारे नऊ कोटी डॉलर लागले. आता विचार करा, कांडला, जवाहरलाल नेहरू बंदर, मुंबई यांच्या तोंडाशी असे दहा-बारा सुरुंग कोणी टाकले, किंवा टाकल्याची नुसती आवई उठवली, तर? आकारमानाच्या हिशेबाने आपला सुमारे ९५ टक्के परदेशी व्यापार समुद्रमार्गे होतो. कच्च्या तेलाचा बहुतेक भाग जहाजांनी येतो. विम्याचे दर रात्रीत चढतील आणि जहाजे बाहेर नांगर टाकून उभी राहतील. अशा वेळी १,५०० किलोमीटरवर मारा करणारे क्षेपणास्त्र काही कामाचे नाही. लागते ते लाकडी किंवा फायबरच्या पोटाचे एक हळू चालणारे जहाज, जे कोणी संचलनात दाखवत नाही.

हे काल्पनिक भय नाही. २३ डिसेंबर २०२३ रोजी ‘केम प्लुटो’ या व्यापारी जहाजावर गुजरातच्या किनाऱ्यापासून सुमारे २०० सागरी मैलांवर ड्रोन आदळले. जहाजावर बहुसंख्य खलाशी भारतीय होते. लाल समुद्रात येमेनमधल्या हुथी बंडखोरांचे हल्ले त्याआधीच सुरू झाले होते. जानेवारी २०२४ मध्ये एडनच्या आखातात पेटलेल्या ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजावरची आग विझवायला आपली ‘आयएनएस विशाखापट्टणम’ धावून गेली. इथे स्वदेशी जहाजाचे मोल खरोखर दिसले. कोणाच्याही युतीत न शिरता, आपला निर्णय आपण घेऊन, आपले नौदल तिथे उभे राहू शकले.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. प्रत्येक देश असेच म्हणत शस्त्रे बनवत गेला, तर तणाव वाढेल की कमी होईल? हा आक्षेप मला झटकून टाकायचा नाही. शेजारी काय बनवतो ते पाहून आपण बनवतो, आपले पाहून तो बनवतो. चीनकडे आज जगातला संख्येने सर्वांत मोठा, ३७० हून अधिक जहाजांचा ताफा आहे. पाकिस्तान चीनकडून आठ पाणबुड्या घेत आहे आणि त्या वर्गाला नाव दिले आहे ‘हंगोर’. ‘खुकरी’ बुडवणाऱ्या पाणबुडीचे नाव त्यांनी उगाच निवडलेले नाही.

माझे उत्तर असे. ज्याचा भाता भरलेला असतो आणि तो पुन्हा भरायची सोय घरात असते, त्याला थांबता येते. ज्याच्याकडे पाचच बाण असतात आणि सहावा येणार नाही हे ठाऊक असते, तो घाईने सोडतो किंवा घाईने शरण जातो. परावलंबी देश शांततावादी होत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या वेळापत्रकावर चालतो. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेच्या निर्बंधांमुळे आपल्या ‘सी किंग’ हेलिकॉप्टरांचे सुटे भाग अडकले आणि पाणबुड्या शोधणारी ती हेलिकॉप्टरे जमिनीवर बसली. त्यामुळे दक्षिण आशिया काही अधिक शांत झाला नाही. पुढच्याच वर्षी कारगिल घडले.

पण आक्षेपाचा दुसरा भाग मला मान्य आहे. शस्त्र बनवणे वेगळे आणि ते मिरवणे वेगळे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपण ध्वनीच्या पाचपटींहून अधिक वेगाने जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राची चाचणी घेतली. त्यापासून निघालेले जहाजविरोधी अस्त्र १,५०० किलोमीटरवर मारा करू शकते. किमान वेग धरला तरी तेवढे अंतर ते पंधरा-सोळा मिनिटांत कापेल. समोरच्या कप्तानाला विचार करायला एवढाच वेळ. येणारे क्षेपणास्त्र कशावर रोखले आहे, ते चुकून सुटले की मुद्दाम, हे त्याने तेवढ्यात ठरवायचे. चुकून सुटते का? सुटते. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक क्षेपणास्त्र देखभालीच्या वेळी चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. त्यात स्फोटक नव्हते, कोणी मेले नाही, आपण दोन दिवसांनी चूक कबूल केली आणि पुढे तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले. ऐन तणावाच्या दिवसांत हेच घडले असते तर?

म्हणून शस्त्रे जितकी वेगवान, तितके दोन नौदलांमध्ये बोलण्याचे नियम पक्के हवेत. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी शीतयुद्धाच्या ऐन भरात, १९७२ मध्ये, समुद्रावरच्या घटना टाळण्याचा करार केला. एकमेकांच्या जहाजांच्या वाटेत घुसायचे नाही, तोफा रोखून लुटुपुटूचे हल्ले करायचे नाहीत, दरवर्षी बसून तक्रारी मिटवायच्या. तो करार टिकला. भारत आणि पाकिस्तान यांनी फेब्रुवारी १९९९ च्या लाहोर समझोत्यात असा करार करू, असे लिहून दिले होते. कारगिलनंतर तो विषय मागे पडला तो पडलाच. जून २०११ मध्ये एडनच्या आखाताजवळ ‘आयएनएस गोदावरी’ आणि ‘पीएनएस बाबर’ एकमेकांना घासल्या, दोन्ही राजधान्यांनी एकमेकांना दोष देणारी पत्रे पाठवली, आणि पुन्हा सारे शांत. आज दोन्ही बाजूंना तेव्हापेक्षा कितीतरी घातक क्षेपणास्त्रे आहेत, नियम मात्र तेव्हाइतकेच.

आता आपण विकणारेही झालो आहोत. जानेवारी २०२२ मध्ये फिलिपिन्सने सुमारे ३७.५ कोटी डॉलरना आपले ‘ब्रह्मोस’ घेतले, एप्रिल २०२४ मध्ये पहिला साठा पोहोचला. याचे स्वागत करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दक्षिण चीन समुद्रात उद्या ठिणगी पडली आणि मनिलाने आणखी क्षेपणास्त्रे मागितली, तर १९८२ मध्ये पॅरिसपुढे होता तोच प्रश्न दिल्लीपुढे येईल. द्यायची की थांबवायची? दिली तर चीनशी वैर वाढेल, थांबवली तर आपल्या शब्दावर पुढे कोणी विसंबणार नाही. शिवाय ‘ब्रह्मोस’ रशियाबरोबरची संयुक्त निर्मिती आहे, म्हणजे मॉस्कोचे मतही त्यात आले. निर्यातीचे आकडे दरवर्षी वाढवून सांगण्याआधी संसदेत याची उघड चर्चा व्हायला हवी होती. ती मला दिसलेली नाही.

अनेक निवृत्त अधिकारी म्हणतात की स्वदेशीच्या हट्टापायी सैनिकाला दहा वर्षे वाट पाहायला लावणे चूक आहे. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. नुसते आपले आहे म्हणून कमी प्रतीचे शस्त्र नौसैनिकाच्या हाती देणे हा त्याच्याशी केलेला द्रोह आहे. गरज पडेल तिथे विकत घ्या. फक्त विकत घेताना त्या वस्तूचा स्वदेशी पर्याय कधी येणार, त्याला पैसे कोण देणार आणि तो चुकला तर जबाबदार कोण, हे त्याच फाइलीत लिहा. टॉर्पेडोच्या फाइलीत ते नव्हते.

इंजिनाच्या बाबतीत एक आशेची सुरुवात झाली आहे. एप्रिल २०२५ मध्ये नौदलाने पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सबरोबर ६ मेगावॉटच्या सागरी डिझेल इंजिनाचा करार केला. खर्च २७० कोटी, त्यातला ७० टक्के सरकार देणार. एका विमानवाहू नौकेच्या सुमारे २०,००० कोटींच्या खर्चासमोर ही रक्कम किरकोळ आहे, आणि माझी तक्रार तीच आहे. विनाशिकांना लागणारे मोठे टर्बाइन याहून कितीतरी अवघड. ‘कावेरी’ या विमानाच्या इंजिनाची सागरी आवृत्ती आपण काढली होती, विशाखापट्टणमला तिच्या चाचण्याही झाल्या, पण ती कोणत्याही युद्धनौकेत गेली नाही. टर्बाइनच्या पात्याचे धातुशास्त्र वीस-वीस वर्षे खाते. त्याला दहा अपयशे पचवणारा पैसा लागतो आणि फोटोशिवाय काम करणारी माणसे लागतात.

संरक्षणविषयक स्थायी समिती दरवर्षी अर्थसंकल्पीय मागण्यांची छाननी करते. तिच्यात महाराष्ट्राचे खासदारही असतात. त्यांना त्यांच्या मतदारांनी यंदा चार प्रश्न लिहून पाठवावेत. पहिले सुरुंगशोधक जहाज कोणत्या वर्षी पाण्यात उतरणार? मिकोलायव्हची टर्बाइन मिळेनाशी झाली तर चार विनाशिका किती वर्षे चालतील, याचा अभ्यास झाला आहे का? दीर्घ लढाईला पुरेल इतका क्षेपणास्त्रांचा आणि टॉर्पेडोंचा साठा आहे, असे समितीला बंद दाराआड तरी दाखवले गेले आहे का? आणि लाहोरमध्ये १९९९ ला कबूल केलेला समुद्रावरचा करार पुन्हा टेबलावर ठेवायला परराष्ट्र मंत्रालयाची काय हरकत आहे? पहिल्या तीन प्रश्नांना पैसा आणि वेळ लागेल. चौथ्याला दोन्ही फारसे लागत नाही.